‘पश्चिमेस तलाव’ : तळ्याकाठच्या घराच्या खरेदीतील दोन भाषा

घर विकत घेणे हा सामान्यतः पैशाचा व्यवहार समजला जातो. वस्तुतः तो तितकाच भाषेचाही व्यवहार आहे. पैसा एका हातून दुसऱ्या हाती जातो आणि त्याची आठवण पावतीपुरती उरते. घर मात्र ज्या शब्दांनी घेतले त्या शब्दांवरच पुढे पिढ्यान्‌पिढ्या उभे असते. ह्या व्यवहारात खरेदीदाराच्या वाट्याला मराठीचे दोन अगदी भिन्न नमुने येतात. पहिला जाहिरातीचा, माहितीपत्रकाचा व मध्यस्थाच्या बोलण्याचा, दुसरा दस्ताचा. पहिल्याने मन वळते, दुसऱ्याने मालकी वळते. दोहोंतील शब्द पुष्कळदा तेच असतात, पण त्यांचे अर्थ तेच नसतात.

एखाद्या शांत, जलाशयालगतच्या वस्तीतील घर घ्यावयाचे असेल तर हा भेद विशेष तीव्रतेने जाणवतो. कारण असे घर ज्यासाठी घेतले जाते, ते पाणी, तो मोकळा वारा, ती निवांत संध्याकाळ, यांचा उल्लेख पहिल्या भाषेत ओळीओळीला येतो आणि दुसऱ्या भाषेत बहुधा मुळीच येत नाही. दस्ताला तलाव ठाऊक असतो तो चार सीमांपैकी एक म्हणून. तोही घर आणि पाणी यांच्यामध्ये रस्ता नसेल तर. प्रस्तुत लेखात कोल्हापूरच्या रंकाळ्याचा परिसर उदाहरणादाखल घेऊन ह्या दोन भाषांच्या संबंधाचा विचार केला आहे.

रंकाळा महालक्ष्मी मंदिराच्या पश्चिमेस, चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. परंपरा अशी सांगते की, येथे मुळात दगडाची खाण होती, मंदिरांसाठी येथूनच दगड काढला गेला आणि पुढे भूकंपाने खाणीत पाणी भरले. भूकंपाची गोष्ट दंतकथेतच ठेवावी हे बरे. परंतु खाणीच्या स्मृतीला परिसरातील एका नावाचा आधार मिळतो. तलावालगतच्या एका पाणथळ खड्ड्यास आजही ‘इराणी खण’ म्हणतात, आणि ‘खण’ म्हणजे दगड काढलेली जागा हा अर्थ कोल्हापूरकडे कोणास समजावून सांगावा लागत नाही. काठावरचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ ह्या काळात बांधला गेला. पाणी चढले की बुडणारा व उतरले की उघडा पडणारा दगडी संध्यामठ त्याहून कितीतरी जुना. संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाल्यानंतर शहर पश्चिमेकडे पसरत गेले आणि जो तलाव पूर्वी गावाच्या कडेला होता त्याच्या सभोवती वसाहती उभ्या राहिल्या.

शहरातील जुन्या तळ्यांची नावे एकत्र मांडली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. रंकाळा, पद्माळा, पेटाळा, खंबाळा ही सर्व ‘-आळा’ ने संपतात. पूर्वपदे भिन्न आहेत. रंकाळ्याचा संबंध परंपरा रंकभैरवाशी जोडते. उत्तरपद मात्र एकच असावे. समासातील उत्तरपदाच्या आद्य व्यंजनाचा लोप मराठीच्या जडणघडणीत नित्याचा आहे. कुंभकारापासून कुंभार, सुवर्णकारापासून सोनार, देवकुलापासून देऊळ ही रूपे त्याच वाटेने आली. त्या न्यायाने ‘-आळा’ मध्ये ‘तळे’ ह्याच शब्दाचे झिजलेले रूप पाहण्यास ध्वनिदृष्ट्या अडचण नाही. रंकाळ्यालगतच्या ‘परताळा’ ह्या पाणवठ्याच्या नावात तो ‘त’ अजून ऐकू येतो, असे म्हणण्याचा मोहही होतो. तथापि तळे नपुंसकलिंगी आणि रंकाळा पुल्लिंगी ही गोष्ट ह्या व्युत्पत्तीच्या विरुद्ध जाते, म्हणून ती अनुमानाच्या पलीकडे ओढू नये.

व्युत्पत्ती काहीही असो, व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की नाव पाण्यापेक्षा दीर्घायुषी असते. कोल्हापुरातील अनेक तळी बुजवली गेली. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले, रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले, कपिलतीर्थात मंडई बसली, पेटाळ्याचे मैदान झाले. तीर्थ, तळे, -आळा हे शब्द लोकांच्या बोलण्यात राहिले, पाणी गेले. गेले असे म्हणावयाचे तेही वरवरचेच. गांधी मैदानात पावसाळ्यात साचणारे पाणी हे वरुणतीर्थाची आठवण दरवर्षी करून देते. जागा सखल ती सखलच राहिली, बदलले ते तिचे वर्णन. म्हणून ज्याला अशा शहरात घर घ्यावयाचे आहे त्याने वसाहतीचे आजचे नाव बाजूला ठेवून त्या जागेचे जुने नाव आधी विचारावे. वसाहतींना नगर, विहार, उद्यान अशी नावे देण्याची रीत पडल्यापासून नावांचा हा उपयोग फार कमी झाला आहे. कोणतेही ‘नगर’ कोणत्याही जमिनीवर वसू शकते. ‘खण’ मात्र खणीवरच असते.

आता जाहिरातीची भाषा पाहू. तिचे पहिले व्याकरणिक लक्षण असे की, तीत आख्यात क्रियापद नसते. ‘तलावाच्या सान्निध्यात, निसर्गरम्य वातावरणात, शांत परिसरात, हाकेच्या अंतरावर बाजारपेठ’ ह्या धर्तीच्या शब्दमालिकेत सप्तमीचे प्रत्यय आहेत, विशेषणे आहेत, परंतु कर्ता नाही, काळ नाही, विधान नाही. विधान नाही म्हणून ते खोटे ठरवणे कठीण. ‘लेक व्ह्यू’ ह्या रूढ झालेल्या इंग्रजी समासाची स्थिती हीच आहे. कोण पाहणार, कोठून पाहणार, कोठवर पाहणार, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दोन शब्दांत नाही. सज्जाच्या कोपऱ्यातून मान वळवून पाण्याची एक चकाकी दिसत असेल तरी तो समास सार्थ ठरतो.

सान्निध्य दाखवणाऱ्या शब्दांची मराठीत एक उतरंडच आहे. तळ्यालगत, तळ्याकाठी, तळ्यासमोर, तळ्याजवळ, तळ्याच्या परिसरात. ‘लगत’ म्हणजे लागून. दस्तात हा शब्द येतो तेव्हा दोन मिळकतींमध्ये तिसरी वस्तू नाही असाच त्याचा अर्थ घेतला जातो. जाहिरातीतला ‘लगत’ एक रस्ता, एक बाग व इमारतींची एक रांग सहज ओलांडतो. ‘काठ’ म्हणजे कड. तिच्यासाठी मराठीत नदीला ‘थडी’, समुद्राला ‘किनारा’, आणि बांधलेल्या तळ्याला ‘पाळ’ असे वेगवेगळे शब्द आहेत. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठच्या ‘तलावपाळी’ ह्या नावात तो शेवटचा शब्द शाबूत आहे. ‘परिसर’ ह्या संस्कृत शब्दाला तर बाहेरची सीमाच नाही, आणि म्हणूनच तो जाहिरातदारांना प्रिय असावा. ‘तलाव’ हा शब्दही निःसंदिग्ध नाही. पोहण्याच्या हौदालाही आपण जलतरण तलाव म्हणतो, तेव्हा ‘प्रकल्पात तलाव’ ह्या शब्दांनी हरखून जाण्यापूर्वी कोणता तलाव हे विचारलेले बरे.

‘शांत’ ह्या विशेषणाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. त्याचे मोजमाप कायद्यात उपलब्ध आहे, पण जाहिरातीत ते कधी येत नाही. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. ‘शांतता क्षेत्र’ ही स्वतंत्र संज्ञा असून रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचे किमान १०० मीटरचे क्षेत्र त्यात येते. तेथे ह्या मर्यादा ५० व ४० आहेत. तलाव ह्या यादीत नाही. पाण्याकाठी शांतता असते ही लोकांची समजूत. तिला नियमाचे पाठबळ नाही. उलट रंकाळ्यासारखा तलाव शहराचा फिरण्याचा काठ बनतो तेव्हा पहाटे फिरणारे, संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाणारे, सुट्टीच्या दिवशी बाहेरगावाहून येणारे, आणि ह्या सर्वांची वाहने, हे त्या शांततेचे वाटेकरी होतात. ‘रंकाळ्यावर जाऊन येऊ’ असे कोल्हापूरकर म्हणतो. तेथे ‘ला’ ऐवजी ‘वर’ वापरण्याची लकब सूचक आहे: काठ हा त्याच्या दृष्टीने सर्वांनी जाण्याची जागा आहे, कोणाचे अंगण नव्हे. जो तेथे घर घेतो त्याला मात्र ते आपले अंगण वाटते. ह्या दोन दृष्टींतला ताण तळ्याकाठच्या प्रत्येक वस्तीत कमीअधिक प्रमाणात असतोच, आणि दोन्ही बाजूंना आपापल्या जागी तथ्य आहे.

दस्ताची भाषा ह्याच्या अगदी उलट. तीत क्रियापद आहे, आणि तेच सर्वस्व आहे. पक्षकारांची नावे दस्तात येतात ती ‘विकणारा’ व ‘घेणारा’ म्हणून नव्हे, तर ‘लिहून देणार’ व ‘लिहून घेणार’ म्हणून. व्यवहाराचा गाभा विक्री नसून लेखन आहे, हे ह्या दोन धातुसाधितांनी पक्के केले आहे. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’ ह्या जुन्या मोडणीच्या सुरुवातीनंतर जे येते ते सर्व लिहून देणाऱ्याचे वक्तव्य असते. लिहून घेणारा व्याकरणदृष्ट्या मूक असतो. पैसा त्याचा, भविष्य त्याचे, पण वाक्य दुसऱ्याचे. त्यामुळे घेणाऱ्याने मनात धरलेली कोणतीही गोष्ट देणाऱ्याच्या तोंडी घातल्यावाचून दस्तात येत नाही, हे ह्या रचनेचे सर्वांत महत्त्वाचे फलित होय.

शब्दसंग्रहाच्या दृष्टीने दस्त म्हणजे मराठीच्या थरांचा एक उभा छेदच. खरेदी, दस्त हे फारसी, हक्क, मालकी, कबुली हे अरबी मुळाचे, गहाण हे ‘ग्रहणा’चे तद्‌भव रूप, चतुःसीमा, निर्वेध हे तत्सम, वहिवाट खास देशी घडणीचा. मिळकत ‘गहाण, दान, बक्षीस, अन्नवस्त्र’ अशा कोणत्याही बोजात गुंतलेली नाही, असे लिहून देणारा सांगतो. ह्यातील ‘अन्नवस्त्र’ म्हणजे कुटुंबातील व्यक्तीच्या पोटगीचा मिळकतीवरील भार. हा शब्द वाचून नवशिक्या वाचकास हसू येते. परंतु जुन्या एकत्र कुटुंबाच्या वाड्याचा हिस्सा घेणाऱ्याला त्याचे महत्त्व लवकरच कळते.

ह्या भाषेत पाण्याचा एक उल्लेख मात्र परंपरेने येतो आणि तो मुद्दाम तपासण्याजोगा आहे. मिळकत ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ यांसह दिली, अशी शब्दमाला अनेक खरेदीखतांत आजही आढळते. ही मालिका मराठेशाहीतील इनामपत्रांत जशीच्या तशी आहे, आणि तिचे मूळ त्याहून मागे, दक्षिणेतील दानपत्रांत सांगितलेल्या अष्टभोगांपर्यंत पोचते; निधी, निक्षेप, जल व पाषाण हे त्या आठांपैकीच. इनाम देणारा राजा होता, म्हणून तो जल देऊ शकत होता. सदनिका विकणारा गृहस्थ तेच शब्द उच्चारतो, पण त्याच्या हाती ते जल नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, सरोवरे, तलाव यांचे तळ आणि साचलेले व वाहते पाणी, इतर कोणाची मालकी सिद्ध होत नसेल तेथवर, राज्य शासनाच्या मालकीचे आहे. सूत्र राहिले, त्यातील सामर्थ्य गेले. तळ्याकाठी घर घेणाऱ्याने ‘जल’ हा शब्द दस्तात पाहून काही मिळाल्याचा आनंद मानू नये. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेच्या दस्तात ‘पाषाण’ आणि ‘निक्षेप’ही असतात.

खरा भार ज्या शब्दांवर पडतो ते चतुःसीमेचे. ‘पूर्वेस बोळ, दक्षिणेस अमुक यांची मिळकत, पश्चिमेस तलाव, उत्तरेस रस्ता’ ही चार वाक्यांगे दस्तात सर्वांत रूक्ष वाटतात आणि सर्वांत महत्त्वाची असतात. क्षेत्रफळाचा आकडा व चतुःसीमा यांत विसंगती आढळली तर न्यायालये सामान्यतः चतुःसीमेस अधिक वजन देतात. आकडा लिहिताना चूक होऊ शकते, शेजार मात्र डोळ्यांना दिसतो, असा त्यामागील विचार. परंतु सीमा म्हणून भिंत, बोळ, रस्ता हे जसे स्थिर शब्द आहेत तसा ‘तलाव’ नाही. वैशाखातला तलाव व श्रावणातला तलाव यांची कड एक नसते. ‘पश्चिमेस तलाव’ असे लिहिणाऱ्याने कोणत्या ऋतूतला तलाव सांगितला? पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी पट्टी कोणाची? लिहून देणारा ती आपल्या बाजूला मोजतो, महसूल खाते तलावाच्या बाजूला. पाण्याच्या शब्दाने सीमा सांगितली असेल तेथे नगर भूमापन क्रमांक, त्याची हद्द दाखवणारा नकाशा आणि मोजणीचे दगड यांवाचून त्या शब्दाला निश्चित अर्थ प्राप्त होत नाही. कोल्हापुरात नगर भूमापन क्रमांकापुढे वॉर्डाचे अक्षर लिहितात आणि जुन्या शेतजमिनीवरील वसाहतींत ‘रि. स. नं.’ म्हणजे रिव्हिजन सर्व्हे क्रमांक येतो. ही अक्षरे किरकोळ वाटली तरी वाक्यातील खरे विशेषनाम तीच असतात. ‘तळ्याकाठचा बंगला’ हे केवळ सामान्यनाम.

कायद्यालाही हा नामाचा प्रश्न पूर्वीच जाणवला होता. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ मध्ये मिळकतीचे वर्णन ती ओळखण्यास पुरेसे असावे असे म्हणून शहरातील घरांविषयी स्पष्ट सांगितले आहे: घर कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे, त्यात आज कोण राहतो व पूर्वी कोण राहत असे, आणि क्रमांक असल्यास कोणता, हे लिहावे. ‘पूर्वी कोण राहत असे’ ही अट भाषाभ्यासकास विशेष रोचक वाटेल. घर ओळखण्याची लोकांची रीत म्हणजे माणसांच्या नावांनी ओळखणे. कायद्याने ती उचलून नियमात बसवली.

आता दृश्याचा प्रश्न. ज्या घरासमोर तलाव आहे त्या घराची किंमत मागच्या घराहून अधिक असते. म्हणजे दृश्याला मोल आहे. पण ते विकत मिळते काय? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीस प्रकाश व हवा यांचा उपभोग शांतपणे, अखंड आणि हक्काने २० वर्षे मिळत आला असेल तर तो हक्क दृढ होतो. दृश्याचे तेथे नाव नाही. ह्यामागे जुना इंग्रजी विचार आहे. १६१० च्या विल्यम ऑल्ड्रेडच्या खटल्यात असे ठरले की, दृश्य ही केवळ आनंदाची गोष्ट आहे, गरजेची नव्हे. म्हणून ते अडवल्याबद्दल दावा चालणार नाही. उजेड गरजेचा, सूर्यास्त हौसेचा, असा हा भेद आहे. तो मानवी सुखाला पुरेसा न्याय देतो असे म्हणवत नाही, पण तो आहे. मधल्या मोकळ्या भूखंडावर उद्या नियमात बसणारी इमारत उभी राहिली तर मागच्या घरातील तलाव नाहीसा होतो आणि त्या घराच्या दस्तातील एक अक्षरही खोटे ठरत नाही. कारण तो तलाव दस्तात नव्हताच. मधला भूखंड लिहून देणाऱ्याच्याच मालकीचा असेल तर त्यावर अमुक उंचीपेक्षा अधिक बांधणार नाही असे त्याच्याकडून लिहून घेता येते. परका असेल तर तोही मार्ग उरत नाही.

साठेखत व खरेदीखत ह्या दोन शब्दांतील गोंधळ तर सर्वपरिचित आहे. ‘साटे’ म्हणजे देवाणघेवाणीचा ठराव. ‘साटेलोटे’ ह्या शब्दात तो आजही जिवंत आहे. साठेखत हे त्याच ठरावाचे लेखन. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५४ स्पष्ट सांगते की, विक्रीच्या करारामुळे, केवळ तेवढ्याने, मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. वटमुखत्यारपत्र व करार यांच्या जोडीने घर ‘घेतल्याचे’ समाधान मानणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप प्रकरणात हेच पुन्हा बजावले. बोलीत मात्र इसार दिला की ‘घर घेतले’ असा भूतकाळ वापरला जातो. मराठीत निश्चित भविष्याला भूतकाळाचे रूप देण्याची लकब आहे. ‘आलोच’ म्हणणारा अद्याप निघालेलाही नसतो. घराच्या बाबतीत ही लकब महाग पडते.

मापांविषयी थोडक्यात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा आणि आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे १०७६ चौरस फुटांचा. सातबारावर हेक्टर-आर असतात आणि बोलणे गुंठ्यांत चालते. सदनिकांच्या बाबतीत बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप ह्या शब्दांनी एकेकाळी जो धुरळा उडवला तो स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील ‘चटई क्षेत्रा’च्या व्याख्येने बराच खाली बसला. बाहेरच्या भिंती, सज्जा, व्हरांडा व गच्ची वगळून उरणारे वापरण्याजोगे क्षेत्र म्हणजे चटई क्षेत्र. आतल्या विभाजक भिंती त्यात धरल्या जातात. जेथे चटई पसरता येते ते क्षेत्र हा अर्थ शब्दातच दिसत असल्याने ही संज्ञा उत्तम म्हणावी लागेल. तळ्याकाठच्या घरात मात्र लक्षात ठेवावे की, ज्या सज्जासाठी ते घर घेतले तो सज्जा ह्या चटईत बसत नाही.

त्याच अधिनियमाने दोन भाषांच्या संबंधात एक मूलभूत बदल केला आहे. कलम १२ प्रमाणे जाहिरातीतील वा माहितीपत्रकातील मजकुरावर विसंबून कोणी रक्कम भरली आणि तो मजकूर चुकीचा वा खोटा असल्याने त्याची हानी झाली, तर प्रवर्तकाने ती भरून द्यावयाची आहे. आणि कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्यावाचून किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ही कलमे १ मे २०१७ पासून अमलात आली. आजवर जी भाषा केवळ मोहिनी घालण्याची होती ती प्रथमच उत्तरदायी झाली. तरीही व्याकरणाची अडचण संपत नाही. खोटे ठरावयास आधी विधान हवे, आणि ‘तलावाच्या सान्निध्यात’ हे विधान नव्हे. म्हणून खरेदीदाराने त्या शब्दमालिकेचे विधानात रूपांतर करून घ्यावयास हवे: कोणत्या मजल्यावरील कोणत्या खोलीतून तलाव दिसतो, मध्ये कोणते भूखंड आहेत, त्यांवर विकास आराखड्यात काय दाखवले आहे, तलावाच्या हद्दीपासून इमारत किती मीटर अंतरावर आहे, हे प्रश्न लेखी विचारावेत व उत्तरे लेखी घ्यावीत. हा अधिनियम नव्या प्रकल्पांसाठी आहे. जुन्या बंगल्याची वा सोसायटीतील सदनिकेची एका गृहस्थाने दुसऱ्यास केलेली विक्री त्याच्या कक्षेत येत नाही. तेथे मध्यस्थाच्या बोलण्याला हवेइतकेच वजन.

राहू लागल्यानंतर तलाव स्वतःची भाषा बोलू लागतो. रंकाळ्याचा समावेश केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत झाला होता, ही गोष्ट जितकी गौरवाची तितकीच चिंतेची. निरोगी पाण्याला संवर्धनाची योजना लागत नाही. वसाहतींतून येणाऱ्या नाल्यांचे सांडपाणी मिसळले की पाण्यात पोषकद्रव्ये वाढतात, त्यांवर शैवाल व जलपर्णी माजते, शैवाल कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात आणि वारा ज्या खिडकीतून येतो त्याच खिडकीतून वासही येतो. जलपर्णीस कोल्हापुरात ‘केंदाळ’ म्हणतात. माहितीपत्रकात हा शब्द कधी छापला जाणार नाही. पण काठावर राहणाऱ्याच्या शब्दसंग्रहात तो पहिल्या वर्षीच येतो. विचारपूस करणाऱ्याने शेजाऱ्यांच्या बोलण्यात ‘केंदाळ’, ‘वास’, ‘ओल’, ‘डास’ हे शब्द किती वेळा व कोणत्या महिन्याच्या संदर्भात येतात, इकडे कान द्यावा. त्यातही हिवाळ्यात घर पाहणाऱ्याने उन्हाळ्याविषयी विचारावे.

पुराची भाषा ह्याहून गंभीर. पंचगंगेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांत शहराचे सखल भाग पाण्याखाली गेले. जलसंपदा विभागाच्या पूररेषा दोन: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध, निळ्या व लाल रेषांमधील क्षेत्र नियंत्रित. ‘२५ वर्षांतून एकदा’ ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ लोक वारंवार चुकीचा लावतात. त्याचा अर्थ पूर येऊन गेल्यावर २५ वर्षे स्वस्थता असा नसून, कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता २५ त १ अशी आहे. हे एकदा समजले म्हणजे १६ वर्षांत तीन मोठे पूर पाहिलेल्या शहरात ह्या रेषांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

पाण्याविषयी जाहिरात बोलते ते खरे नसते आणि खरेदीखत तर बोलतच नाही. मग कोणते कागद बोलतात? जुना सातबारा बोलतो. त्यातील ‘पोटखराबा’ ह्या रकान्याचे दोन वर्ग आहेत. वर्ग ‘अ’ म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन. वर्ग ‘ब’ म्हणजे सार्वजनिक रस्ता, पायवाट, इतरांच्या वापरातील तळे वा ओढा अशा कारणांनी आकारणीतून वगळलेली जमीन. आज जेथे फरसबंदीचे अंगण आहे तेथे एकेकाळी ‘ब’ वर्गाचा पोटखराबा नोंदला असेल, तर त्या एका अक्षरात तळ्याचा सारा वृत्तान्त असतो. फेरफार नोंदी, बिनशेतीचा आदेश आणि त्याचा नकाशा, मिळकत पत्रिका म्हणजे बोलीतील प्रॉपर्टी कार्ड, आणि पूररेषेचा नकाशा हे कागद एकापुढे एक ठेवून वाचले असता जागेचे पूर्वायुष्य कळते. बहुतेक खरेदीदार ह्यांतील शेवटचा कागदच तेवढा वाचतात, किंवा मुळीच वाचत नाहीत, आणि वकिलाने ‘टायटल क्लिअर आहे’ असे सांगितले की निश्चिंत होतात. मालकी निर्वेध असणे आणि जमीन कोरडी असणे ही दोन स्वतंत्र विधाने आहेत.

अखेर दस्ताला जोडावयाच्या नकाशाबद्दल. कलम २१ मध्येच अशी तरतूद आहे की, दस्तात नकाशा असेल तर त्याची खरी प्रत सोबत दिल्यावाचून दस्त नोंदणीस घेतला जात नाही. म्हणजे नकाशा एकदा दस्तात आला की तो वाक्याइतकाच वाक्याचा भाग होतो. तळ्याकाठची मिळकत घेताना लिहून देणाराकडून त्या नकाशावर तलावाची शासकीय मोजणीप्रमाणेची हद्द, घराची भिंत, त्यांमधील अंतराचा आकडा आणि मधल्या पट्टीचा भूमापन क्रमांक इतके चार तपशील दाखवून घेणे कठीण नाही. मग परिशिष्टात ‘पश्चिमेस तलाव’ एवढेच न लिहिता ‘पश्चिमेस सोबतच्या नकाशात निळ्या रेघेने दाखविलेली तलावाची हद्द’ असे लिहिता येते.